१७६७ पूर्वीचा टोबी : एका नवख्या वंशेतिहासकाराची चूक आणि तज्ज्ञांची जाहीर टीका

वंशावळीचे काम नव्याने हाती घेणाऱ्याशी जाणत्यांनी कसे वागावे, आणि त्याचे चुकलेले काम जगापुढे गेल्यावर त्यावर टीका कशी करावी, या प्रश्नांचा विचार करताना अमेरिकी लेखक अ‍ॅलेक्स हेली आणि स्वतःच्या आफ्रिकी वंशाची कथा सांगणारा त्यांचा ‘रूट्स’ हा ग्रंथ यांचे प्रकरण डावलून पुढे जाता येत नाही. ज्याच्यावर टीका झाली तो माणूस पैशासाठी खोट्या वंशावळी विकणारा नव्हता. स्वतःच्या घराण्याचा शोध घेण्यात त्याने सुमारे बारा वर्षे घालवली होती. ज्यांनी टीका केली ते आपल्या क्षेत्रातील अव्वल दर्जाचे अभ्यासक होते आणि त्यांची टीका मुद्द्यांवर उभी होती. तरीही ग्रंथ कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचून गेल्यावर ती आली, आणि ज्याला तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता त्याच्या कामात तिच्यामुळे काही बदलण्याची वेळ निघून गेली होती. माझ्या मते या प्रकरणात खरा दोष या उशिराचा आहे.

हेली यांचा जन्म १९२१ सालचा. त्यांचे बालपण टेनेसी राज्यातील हेनिंग या लहान गावी आजीच्या घरी गेले. आजी सिंथिया आणि तिच्या बहिणी उन्हाळ्यात ओसरीवर बसून घराण्याच्या गोष्टी सांगत, आणि त्यांत एक पूर्वज पुन्हा पुन्हा येई. आफ्रिकेतून आणलेला तो पुरुष आपले नाव ‘किन्ते’ सांगे, तंतुवाद्याला ‘को’ म्हणे आणि नदी दिसली की ‘कांबी बोलोंगो’ असे काही तरी उच्चारी. ढोल करण्यासाठी लाकूड तोडायला तो गावाबाहेर गेला असता पकडला गेला, त्याला जहाजातून ‘नॅपलिस’ येथे उतरवले आणि मालकाने त्याचे नाव टोबी ठेवले, असे आजी सांगे. हेली यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलात वीस वर्षे नोकरी केली, तेथेच ते लेखनाकडे वळले आणि पुढे पत्रकार म्हणून नावारूपाला आले. इतिहासाच्या किंवा वंशशास्त्राच्या शिस्तीचे शिक्षण मात्र त्यांना मिळालेले नव्हते. या क्षेत्रात ते नवखे होते.

नवखेपणातील सर्वांत सुंदर क्षण त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून ते उत्तर कॅरोलिनातील अलामान्स काउंटीच्या १८७० च्या जनगणनेची सूक्ष्मचित्रफीत फिरवत होते. नावांमागून नावे जात होती, आणि अचानक टॉम मरी, लोहार, त्याची बायको आयरीन आणि त्यांची मुले समोर आली. त्यांत सहा वर्षांची एलिझाबेथ होती. ओसरीवरच्या गोष्टींत हेलींनी जिला पाहिले होते ती आजीची म्हातारी बहीण लिझ इथे सहा वर्षांची होऊन सरकारी कागदावर उभी होती. घराण्याचा शोध घेतलेल्या कोणालाही या क्षणाची ताकद समजावून सांगावी लागत नाही.

१८७० हे वर्ष आफ्रिकी-अमेरिकी घराण्यांच्या शोधात एखाद्या भिंतीसारखे आडवे येते. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांसाठी वेगळ्या याद्या होत्या आणि त्यांत बहुतेक ठिकाणी केवळ मालकाचे नाव व त्याच्याकडील माणसांचे वय, लिंग आणि वर्ण इतकेच नोंदले जाई, गुलामाचे नाव नाही. त्यामुळे १८७० पर्यंत पोहोचलेल्या शोधकाला पुढचा प्रवास मालकाच्या कागदांतूनच करावा लागतो. त्याची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखते, गहाणखते आणि करनोंदी पाहाव्या लागतात. हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. अनुभवी माणसाचा हात याच टप्प्यावर सर्वाधिक लागतो.

हेली यांनी मात्र ही भिंत दुसऱ्या टोकाकडून ओलांडण्याचे ठरवले. आजीचे शब्द त्यांनी मौखिक परंपरेचे थोर अभ्यासक यान व्हॅनसिना यांच्यापुढे ठेवले. हे शब्द मँडिंका भाषेतले असावेत आणि ‘कांबी बोलोंगो’ म्हणजे गांबिया नदी असावी, असा अंदाज त्यांनी दिला. मग १९६७ मध्ये हेली गांबियातील जुफुरे गावी पोहोचले. तेथे केब्बा फोफाना नावाच्या वृद्धाने किन्ते कुळाची पिढ्यानपिढ्यांची हकिकत सांगितली आणि ‘राजाचे सैनिक आले त्या सुमारास’ थोरला मुलगा कुन्ता लाकूड तोडायला गेला तो परतलाच नाही, असे त्या हकिकतीत आले. हे सैनिक म्हणजे गांबिया नदीवरील किल्ल्याच्या रक्षणासाठी आलेली ब्रिटिश तुकडी, असे मानून हेलींनी घटना १७६७ सालची ठरवली. त्या वर्षी ‘लॉर्ड लिगोनिए’ हे जहाज गांबियातून निघून २९ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील अ‍ॅनापोलिसला लागले होते. जहाजात चढवलेल्या १४० जणांपैकी ९८ जण जिवंत पोहोचले. ‘नॅपलिस’ म्हणजे अ‍ॅनापोलिस हे उघडच होते. शेवटी व्हर्जिनियातील स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत ५ सप्टेंबर १७६८ चे एक खत सापडले. जॉन वॉलरने भाऊ विल्यम वॉलर याला जमीन दिली होती आणि तिच्याबरोबर टोबी नावाचा एक काळा गुलामही.

आजीची गोष्ट, गावची हकिकत, जहाज आणि खत अशी साखळी पुरी झाली असे हेलींना वाटले. त्यांच्या जागी असलेल्या बहुतेक नवख्यांना तसेच वाटले असते. पण १७६८ मध्ये वॉलरांकडे टोबी होता, इतकेच ते खत सिद्ध करते. तो टोबी १७६७ च्या जहाजातून आला, हे त्या कागदात कुठेही नाही. ते ठरवण्यासाठी एका साध्या प्रश्नाचे उत्तर लागते : जहाज येण्यापूर्वी वॉलरांकडे टोबी नावाचा कोणी होता का?

ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. घराण्याविषयीचे प्रत्येक विधान आफ्रिकेतील किंवा अमेरिकेतील कुटुंबाच्या जपलेल्या मौखिक इतिहासातून आले असून त्यांतील पुष्कळ गोष्टींना रूढ पद्धतीने कागदपत्रांचा दुजोरा मिळवला आहे, अशी ग्वाही हेलींनी त्यात दिली होती. जानेवारी १९७७ मध्ये आठ रात्री दूरचित्रवाणीवर दाखवलेली या ग्रंथावरची मालिका अमेरिकेतील निम्म्याहून अधिक लोकांनी थोडी तरी पाहिली असे मानले जाते, आणि त्याच वर्षी ग्रंथाला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपल्या आजोबांपलीकडे कोणाचे नाव माहीत नसलेले लोक अभिलेखागारांच्या दारात उभे राहू लागले. आफ्रिकी-अमेरिकी वंशेतिहासाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्था १९७७ मध्येच वॉशिंग्टनमध्ये स्थापन झाली. एका नवख्याच्या कामाने इतके नवखे निर्माण केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पहिल्या टप्प्यावर जाणत्यांनी काय केले ते पाहू. व्हॅनसिना यांनी शब्दांविषयी विचारलेल्या प्रश्नाला शब्दांपुरते उत्तर दिले, आणि ते योग्यच होते. भाषा ओळखणे हे एक काम आहे, त्या भाषेतला माणूस ओळखणे हे दुसरे, आणि या दोहोंतील अंतर नवख्याला दिसत नाही. गांबियाच्या अभिलेखागाराच्या प्रमुखाने मात्र याहून पुढचे पाऊल उचलले. फोफाना यांच्या विश्वासार्हतेविषयी शंका आहे, असे त्यांनी हेलींना पत्राने कळवले. फोफाना हे जन्मजात परंपरेने कुळकथा जपणाऱ्या घराण्यातले नव्हते आणि पुन्हा पुन्हा सांगताना त्यांच्या हकिकतीचे महत्त्वाचे तपशील बदलत होते. पाहुणा काय शोधत आला आहे हे गावाला आधीच माहीत होते, हेही पुढे उघड झाले. या अधिकाऱ्याचे वर्तन मला या सगळ्या प्रकरणात आदर्श वाटते. त्याने खाजगीत लिहिले, वेळेवर लिहिले आणि कोणत्या पुराव्याविषयी आपली शंका आहे ते नेमके सांगितले. पत्राची दखल घेतली गेली नाही, यात त्याचा दोष नाही.

पहिली जाहीर टीका पत्रकाराकडून आली. लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये एप्रिल १९७७ मध्ये मार्क ओटावे यांनी गांबियात जाऊन केलेली चौकशी छापली आणि फोफाना यांच्या हकिकतीवर व १७६७ या सालावर प्रश्नचिन्ह लावले. हेली यांनी ग्रंथाची बाजू प्रतीक म्हणून मांडली. एका कुटुंबाच्या निमित्ताने संपूर्ण समाजाची कथा आपण सांगितली आहे, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. याच सुमारास हॅरल्ड कूरलँडर या लेखकाने आपल्या कादंबरीतील मजकूर उचलल्याचा दावा लावला आणि तो १९७८ च्या अखेरीस ६,५०,००० डॉलर देऊन मिटवण्यात आला. वाङ्मयचौर्याचा तो प्रश्न वेगळा होता, पण लोकांच्या मनात दोन्ही आरोप एकमेकांत मिसळले आणि वंशावळीच्या मुद्द्यावर शांतपणे बोलणे आणखी कठीण झाले.

वंशशास्त्राच्या अंगाने खरी तपासणी केली ती गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या दांपत्याने. गॅरी मिल्स अलाबामा विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते आणि लुइझियानातील केन नदीकाठच्या मिश्रवंशीय कृष्णवर्णी घराण्यांवर त्यांचे काम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एलिझाबेथ या प्रमाणित वंशेतिहासकार होत्या. म्हणजे गुलामगिरीच्या काळातील कुटुंबांचे धागे कागदांतून कसे काढायचे हे त्यांना प्रत्यक्ष कामामुळे माहीत होते, आणि हेलींच्या विषयाविषयी त्यांना आकस असण्याचे कारण नव्हते. त्यांचा लेख जानेवारी १९८१ मध्ये व्हर्जिनियाच्या ऐतिहासिक त्रैमासिकात आला आणि १९८४ मध्ये त्यांनी तोच विषय खास वंशेतिहासकारांसाठी राष्ट्रीय वंशेतिहास संस्थेच्या त्रैमासिकात पुन्हा मांडला.

हेलींच्या खतातला टोबी वॉलरांकडे ‘लॉर्ड लिगोनिए’ येण्यापूर्वीच्या चार वर्षांत सहा वेगवेगळ्या कागदांत आढळतो, असे त्यांनी दाखवले. पुढे हाच टोबी १७८२ पूर्वी नोंदींतून नाहीसा होतो, आणि हेलींच्या ग्रंथात त्याची मुलगी किझी जन्मते ती १७९० मध्ये. अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या काळातील वंशावळीच्या विधानांना हेलींनी वापरलेल्या प्रकारचे कागदच आधार देत नाहीत, उलट छेद देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या टीकेची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. हेली कोणत्या हेतूने लिहीत होते, यावर त्यांनी आपला युक्तिवाद उभारला नाही. हेलींनी जे कागद वापरले तेच त्यांनी घेतले, त्याच काउंटीतील आधीची आणि नंतरची पाने उलटली आणि विधानागणिक पुरावा ठेवला. त्यामुळे वाचकाला त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही, तो स्वतः तीच पाने उघडून पाहू शकतो. मौखिक परंपरा म्हणजे टाकाऊ वस्तू असेही त्यांचे म्हणणे नव्हते. ती तपासून घ्यावी लागते, आणि कृष्णवर्णी घराण्यांचा शोध कागदांतून घेता येतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. लेखाच्या शीर्षकात तथ्य आणि कल्पित यांच्या भेसळीवर ठेवलेले बोट मात्र बोचरे होते. आतला मजकूर इतका भक्कम असताना शीर्षकाने धार लावण्याची आवश्यकता नव्हती, असे मला वाटते. ज्या ग्रंथाने लाखो माणसांना पहिल्यांदा आपले पूर्वज हक्काने शोधावेसे वाटायला लावले, त्याच्याविषयी बोलताना अभ्यासकाने बोचरा शब्द टाळला तर त्याच्या पुराव्याचे वजन कमी होत नाही.

खोटेपणा आणि चूक यांत फरक करणेही येथे महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव्ह अंजू नावाच्या माणसाने श्रीमंत गिऱ्हाइकांना भरमसाट मोबदल्यात बनावट वंशावळी पुरवल्या, खऱ्या कागदांच्या मध्ये कधीही न लिहिली गेलेली मृत्युपत्रे घुसवली, आणि त्या वंशावळींचे विष आजही नकळत नकलले जाते. अशा माणसाबाबत कठोर जाहीर निषेधाखेरीज उपाय नाही, कारण तो पुराव्यांची जागाच भ्रष्ट करतो. हेली यांचे काम त्या जातीचे नव्हते. सापडलेल्या खतावर त्यांनी अधिक भार टाकला, आणि मनाला हवा असलेला निष्कर्ष समोर येताच शोध थांबवला. पहिल्या प्रकारच्या माणसाला उघडे पाडावे लागते आणि दुसऱ्याला पुढचा कागद दाखवावा लागतो. जे जाणते दोघांनाही एकाच भाषेत बोलतात ते दुसऱ्या प्रकारच्या माणसाला गमावतात.

हेली यांनी टीकेला दिलेल्या उत्तरातही एक त्रुटी होती, आणि ती नवख्यांनी समजून घेण्यासारखी आहे. ग्रंथ प्रकाशित होताना दावा होता पुराव्याचा, आणि पुराव्यावर प्रश्न आल्यावर बचाव झाला प्रतीकाचा. प्रतीक म्हणून ग्रंथाची योग्यता कोणी नाकारलीच नव्हती. १८७० पर्यंतचे माझे घराणे कागदांनी सिद्ध आहे, त्यामागचा भाग कुटुंबात चालत आलेली कथा आहे आणि टोबीविषयीचे माझे अनुमान चुकले, एवढे एका प्रस्तावनेत लिहिले असते तर ग्रंथाची उंची कमी झाली नसती. १९७७ नंतर अभिलेखागारात येणाऱ्यांतील अनेकांना आपल्यालाही एखादे जहाज आणि एखादे गाव सापडेल असे वाटत होते. त्यांना हा प्रामाणिक पाठ मिळाला असता.

महाराष्ट्रात घराण्यांचे कुलवृत्तांत करणाऱ्यांना हे प्रकरण दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण नाव जुळले म्हणजे माणूस जुळला या चुकीला आपल्याकडे तर नामकरणाची रूढीच खतपाणी घालते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात तीच दोन-तीन नावे पिढ्यांआड फिरत राहतात. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथ यांचा नातू पुन्हा बाळाजी, आणि पुढे बाजीराव व माधवराव ही नावेही परत येतात. ही घराणी कागदांनी भरलेली असल्याने त्यांत गोंधळ होत नाही, पण कोकणातील किंवा देशावरील एखाद्या साध्या वतनदार घरात ‘विसाजी बिन बाळाजी’ (बाळाजीचा मुलगा विसाजी) असे एका मोडी कागदात सापडले, तर ते आजोबा की नातू हे साल आणि शेजारची नावे पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीतील नोंद, गावची जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, फेरफार आणि हक्कनोंदी या सगळ्यांत तोच सापळा असतो.

घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे एखादा तरुण आपली वंशावळ घेऊन येतो तेव्हा त्याला पुष्कळदा दोनपैकी एक वागणूक मिळते. एक तर ‘आधी मोडी शिका, मग बोला’ असे ऐकून तो परत जातो, किंवा त्याचा उत्साह मोडू नये म्हणून सगळे ‘छान, छान’ म्हणतात आणि ती वंशावळ जशीच्या तशी छापली जाते. दुसरी वागणूक मायाळू दिसते, पण हेलींच्या वाट्याला आलेले दुःख तिच्यातूनच येते. याऐवजी ज्येष्ठाने असे लिहावे : “आपण शोधून आणलेला कागद महत्त्वाचा आहे आणि त्याची नक्कल आमच्याकडे ठेवून घेत आहोत. आपण १८४० च्या विसाजींना आपले खापरपणजोबा धरले आहे. त्याच गावात त्याआधीच्या वीस वर्षांत विसाजी नावाचे आणखी कोणी होते का, हे गावच्या जुन्या दप्तरात पाहावे. मोडी वाचण्यात अडचण आली तर आणून द्यावे, आपण मिळून वाचू.” या चार वाक्यांत कौतुक, शंका, पुढचा कागद आणि मदत असे सगळे आहे. हे वाचून नवखा दुखावत नाही, आणि चुकीची वंशावळही छापली जात नाही.

छापून गेलेल्या चुकीबाबतही आपल्याकडे एक चांगली वहिवाट आहे. कुलवृत्तांतांच्या पुरवण्या आणि सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या निघतात, त्यांत शुद्धिपत्र असते. दुरुस्ती तिथेच, ज्या शाखेची ती आहे त्या शाखेच्या नावाखाली, पुराव्यासह छापली की दुरुस्ती करणाऱ्याला चारचौघांत कोणाचा पाणउतारा करावा लागत नाही आणि चुकलेल्यालाही तोंड लपवावे लागत नाही.

मिल्स दांपत्यापैकी एलिझाबेथ पुढे १९८७ ते २००२ या काळात राष्ट्रीय वंशेतिहास संस्थेच्या त्रैमासिकाच्या संपादक होत्या, आणि पुराव्यांच्या मूल्यमापनावर व संदर्भ देण्याच्या पद्धतीवर त्यांनी लिहिलेली मार्गदर्शके आज इंग्रजी वंशेतिहासात सर्वत्र वापरली जातात. एकट्या नावावर विसंबू नका, त्या माणसाचे मित्र, सहकारी आणि शेजारी यांचे कागदही शोधा, ही त्यांची शिकवण नवख्यांमध्ये विशेष रुजली आहे. ज्याचे नाव दुसऱ्यासारखेच आहे, किंवा ज्याचे नाव कुठे लिहिलेच गेले नाही, अशा माणसापर्यंत पोहोचण्याचा तोच एक खात्रीचा रस्ता आहे. १९८१ च्या लेखातील टीका आणि नंतरचे अध्यापन ही एकाच कामाची दोन अंगे आहेत असे मी मानतो. चूक दाखवणाऱ्याने पुढची वीस वर्षे ती चूक होऊ नये म्हणून शिकवण्यात घालवावीत, हे कोणत्याही विद्याक्षेत्रात क्वचित घडते.

हेलींच्या घराण्याविषयी बोलायचे तर अलामान्स काउंटीतील लोहार टॉम मरी, आयरीन आणि सहा वर्षांची एलिझाबेथ १८७० च्या पानावर आजही आहेत आणि त्यांना कोणी धक्का लावलेला नाही. त्यांच्यामागे जाऊ पाहणाऱ्याला गांबियाकडे वळण्याआधी त्या काउंटीतील मालकांची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि खते एकामागून एक वाचावी लागतील, आणि प्रत्येक टॉमपाशी थांबून त्याच्या आधीचे पान उलटावे लागेल.